तळावरची छाप : पॉल रिव्हिअरच्या १७६८ च्या वाडग्याचे प्रकरण

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये पॉल रिव्हिअर या अठराव्या शतकातल्या चांदीकारागिराचा एक वाडगा आहे. त्याची उंची सुमारे १४ सेंटीमीटर आणि तोंडाचा व्यास सुमारे २८ सेंटीमीटर असून कड किंचित बाहेर वळलेली आहे. त्याचा आकार त्या काळी जहाजांतून येणाऱ्या चिनी मातीच्या वाडग्यांवरून घेतलेला आहे. रम, लिंबू, साखर आणि मसाला यांचे पंच नावाचे पेय अशा वाडग्यात कालवून सर्वांना मिळून प्यायला देत असत. वाडग्याच्या तळाला एका छोट्या आयताकृती चौकटीत एक ठिपका आणि त्यापुढे ठळक रोमन अक्षरांत रिव्हिअर हे आडनाव उमटवलेले आहे. कारागिराची खूण म्हणावी अशी एवढीच गोष्ट या वाडग्यावर आहे.

जुनी अमेरिकन चांदी जमवणारा माणूस प्रथम वस्तू उलटी करून तळ पाहतो. नाव ओळखीचे निघाले की प्रश्न सुटला, असे त्याला वाटते. या वाडग्याचे प्रकरण मी निवडले ते या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी. वाडगा अस्सल आहे, कारागीर प्रसिद्ध आहे आणि छाप स्पष्ट आहे. तरीही नुसत्या छापेवरून या वस्तूविषयी जे कळते ते फारच थोडे आहे, आणि जे आपण खात्रीने जाणतो ते जवळजवळ सगळे छापेच्या बाहेरून आलेले आहे.

छापेमागे कोण उभे होते

लंडनची चांदी वाचण्याची रीत निराळी आहे. तिथे १३०० साली कायद्याने ठरले की कस तपासल्याशिवाय चांदीची वस्तू विकू नये आणि तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाची छाप असावी. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण उमटवावी असा नियम झाला. १४७८ पासून ही तपासणी सोनारांच्या संघाच्या वास्तूत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, होऊ लागली आणि वर्ष दाखवणारे अक्षरही वस्तूवर पडू लागले. दागिने घेताना आपण ज्या हॉलमार्कची चौकशी करतो, त्या शब्दातला हॉल तो हाच. १५४४ मध्ये चालत्या सिंहाची छाप आली. त्यामुळे अठराव्या शतकातला लंडनचा साधा चमचा हातात घेतला तरी तो कोणी केला, कोणत्या शहरात तपासला, कोणत्या वर्षी तपासला आणि त्याचा कस हजारात ९२५ आहे की नाही, ही चारही उत्तरे त्याच्या दांड्यावर ओळीने मिळतात, आणि त्यांपैकी तीन उत्तरे कारागिराने नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी दिलेली असतात.

बोस्टनमध्ये यातले काहीच नव्हते. सोनारांचा संघ नव्हता, कस तपासणारे कार्यालय नव्हते, वर्षाचे अक्षर नव्हते. संपूर्ण अमेरिकेत बाल्टिमोर या एकाच शहरात १८१४ साली कायद्याने अशी व्यवस्था उभी राहिली, आणि तिची सक्ती १८३० पर्यंतच टिकली. म्हणजे रिव्हिअरने तळावर जी छाप मारली ती केवळ त्याच्या स्वतःच्या शब्दाची होती. तिच्यामागे राजाची मोहर नव्हती की संघाचा तपासनीस नव्हता.

मग गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवत असे? याचे उत्तर त्या गावाच्या व्यवहारात आहे. मॅसॅच्युसेट्समधली पहिली बँक १७८४ साली निघाली. तोपर्यंत ज्याच्याकडे रोकड साठे, तो मेक्सिको आणि पेरूच्या टांकसाळींतले स्पॅनिश डॉलर, मोडीची जुनी भांडी, तुटके चमचे असे जे हाती असेल ते घेऊन सोनाराकडे जाई. सोनार ते त्याच्यासमोर तोलून घेई, वितळवी, आणि नवी वस्तू देताना वजनाचा हिशेब, घडणावळ आणि कोरीव कामाची मजुरी वेगवेगळी लावी. आपल्याकडच्या सराफ पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यवहार याहून फारसा वेगळा नाही. आणखी एक साम्य असे की हे बोस्टनचे कारागीर मुख्यतः चांदीत काम करत असूनही स्वतःला सोनारच म्हणवत. भांडे म्हणजे साठवणीतला पैसा होता आणि नाण्याला नसलेला एक गुण त्याला होता: ते ओळखता येत असे. चोरी झाली की वृत्तपत्रात जाहिरात येई, तीत भांड्यावर कोरलेली मालकाची आद्याक्षरे आणि कारागिराचे नाव दिलेले असे, आणि गावातल्या इतर सोनारांनी असा माल कोणी विकायला आणल्यास अडवून ठेवावा अशी विनंती असे. कारागिराची छाप तिथे शुद्धतेच्या दाखल्यापेक्षा पत्त्याचे काम अधिक करत होती. माल कमअस्सल निघाला तर कोणाच्या दारात जायचे, हे ती सांगत होती, आणि ते दार चार गल्ल्यांपलीकडे होते.

शुद्धतेविषयी म्हणूनच जपून बोलावे लागते. इंग्लिश प्रमाण हजारात ९२५ चे, तर १७७२ पूर्वीच्या स्पॅनिश डॉलरचा कस सुमारे ९१७ चा होता. डॉलर वितळवून घडवलेले भांडे इंग्लिश प्रमाणाच्या किंचित खाली उतरणे साहजिक होते, आणि जुनी इंग्लिश भांडी मिसळली तर ते वर जाई. छापेवरून यातले काहीच कळत नाही.

बत्तीस दिवस

वाडग्याचे वर्ष छाप सांगत नाही, परंतु वाडग्याचे अंग सांगते. एका बाजूला कोरलेला मजकूर मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहातील ‘त्या तेजस्वी ब्याण्णव’ सभासदांच्या स्मरणार्थ आहे. सत्तेवरील लोकांच्या उर्मट धमक्यांना न डगमगता त्यांनी ३० जून १७६८ रोजी माघार न घेण्याच्या बाजूने मत दिले, असे त्यात म्हटले आहे.

या मतदानाची पार्श्वभूमी अशी होती. ब्रिटिश संसदेने १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर वसाहतींमध्ये जकात बसवली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहाने ११ फेब्रुवारी १७६८ रोजी इतर वसाहतींना एक परिपत्रक धाडून या करांना विरोध करण्याचे आवाहन केले. वसाहतींचा कारभार पाहणारे मंत्री लॉर्ड हिल्सबरो यांनी ते परिपत्रक मागे घ्या, नाहीतर सभागृह बरखास्त होईल, असा हुकूम लंडनहून पाठवला. सभागृहाने ९२ विरुद्ध १७ मतांनी हुकूम धुडकावला, आणि गव्हर्नर बर्नार्ड यांनी सभागृह बरखास्त केले.

म्हणजे वाडग्यावरचा मजकूर ३० जून १७६८ च्या आधी कोरला जाणे शक्य नाही. ही झाली एका बाजूची मर्यादा. दुसऱ्या बाजूची मर्यादा एका रोजनिशीतून मिळते, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा हाच आहे. जॉन रो नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने सोमवार, १ ऑगस्ट १७६८ रोजी नोंद केली आहे की संध्याकाळ श्री. बार्बर यांच्या विमा कचेरीत घालवली, तिथे चांदीचा वाडगा प्रथमच सर्वांसमोर आणला गेला, त्याचे वजन ४५ औंस असून त्यात ४५ गिल (गिल हे द्रवाचे जुने माप) मावतात. नॅथॅनिएल बार्बर हे वाडगा करवून घेणाऱ्या पंधरा स्वातंत्र्यवाद्यांपैकी एक. त्याच दिवशी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागवण्याचा करार केला होता. मतदानापासून त्या संध्याकाळपर्यंत बत्तीस दिवस होतात, आणि एवढ्या अवधीत वाडगा घडला, कोरला गेला, उजळला आणि मेजावर आला.

लंडनच्या चांदीवरचे वर्षाचे अक्षर फार तर एका वर्षापर्यंत नेऊन सोडते. इथे कोणतेही अक्षर नसताना आपण एका महिन्यापर्यंत पोहोचतो. छाप नसलेली माहिती छापेपेक्षा अचूक ठरावी, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

वजन आणि माप दोन्ही ४५ असणे हा योगायोग नव्हे. जॉन विल्क्स यांच्या ‘द नॉर्थ ब्रिटन’ या लंडनच्या नियतकालिकाचा ४५ वा अंक २३ एप्रिल १७६३ रोजी निघाला. त्यात राजाच्या भाषणावर टीका होती, आणि त्यापायी कोणाचेही नाव न घालता काढलेल्या सरसकट वॉरंटावर धरपकड झाली. तेव्हापासून ४५ हा आकडा अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर सरकारविरोधाची खूण बनला. वाडग्याच्या दुसऱ्या बाजूला ‘क्रमांक ४५’ आणि ‘विल्क्स आणि स्वातंत्र्य’ ही अक्षरे, स्वातंत्र्याची टोपी, मॅग्ना कार्टा आणि बिल ऑफ राइट्स या इंग्लंडमधल्या जुन्या हक्कसनदांच्या नावांचे ध्वज, आणि खाली फाटलेले सरसकट वॉरंट कोरलेले आहे. बोस्टनकरांना त्या वॉरंटाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. कडेवर कोरलेल्या पंधरा नावांपैकी कॅप्टन डॅनिएल माल्कम यांनी १७६६ मध्ये जकात अधिकाऱ्यांना आपल्या तळघराची झडती घेऊ दिली नव्हती.

कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर ही अट अवघड होती. ४५ ट्रॉय औंस म्हणजे सुमारे १,४०० ग्रॅम, आपल्या जुन्या मापात नेमके १२० तोळे. स्पॅनिश डॉलरच वितळवायचे म्हटले तर वितळण्यातली घट सोडून सुमारे ५२ डॉलर लागले असते. ४५ गिल म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वापाच लिटरहून थोडे अधिक. वजन कापून, घासून कमी करता येते, पण पोटात किती मावेल हे पत्र्याच्या जाडीवर आणि गोलाईवर अवलंबून असते, आणि चांदीची चकती एकदा पोलादी आधारावर ठोकून वर चढवत नेली की दोन्ही आकडे एकमेकांना ओढत राहतात. दर काही फेऱ्यांनंतर भांडे तापवून मऊ करावे लागते, नाहीतर चांदीला चिरा पडतात. इतक्या घाईत ही दोन्ही मापे साधणाऱ्या कारखान्याविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि तळावरच्या त्या चौकटीत या कसबाचा एक शब्दही नाही.

तीन पॉल रिव्हिअर

आता नावाकडे वळू. छापेत आडनाव आहे, आणि त्या आडनावाचे, शिवाय पॉल याच नावाचे, तीन चांदीकारागीर बोस्टनमध्ये होऊन गेले.

पहिले मूळचे अपोलोस रिव्हॉयर. ते फ्रान्समधल्या ह्यूगेनो म्हणजे प्रॉटेस्टंट कुटुंबात १७०२ साली जन्मले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास एकटे बोस्टनला येऊन जॉन कोनी या नामवंत सोनाराकडे उमेदवारीला लागले. पुढे त्यांनी नाव बदलून इंग्रजी वळणाचे केले. त्यांच्या छापेत आडनावापूर्वी पी हे आद्याक्षर आढळते, आणि मुकुट असलेल्या ढालीत पी आणि आर अशी दोन अक्षरेही आढळतात. दुसरे त्यांचे पुत्र, एप्रिल १७७५ मध्ये रात्री घोड्यावरून लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौज येत असल्याची खबर देणारे प्रसिद्ध पॉल रिव्हिअर. त्यांची मोठी छाप म्हणजे ठिपका आणि आडनाव. लहान वस्तूंवर ते पी आणि आर ही आद्याक्षरे उमटवत. तिसरे त्यांचे पुत्र, जन्म १७६०.

वडील १७५४ मध्ये वारले तेव्हा मधला पॉल एकोणीस वर्षांचा होता, आणि स्वतःच्या नावाने दुकान चालवण्यासाठी एकवीस पुरी असावी लागत. त्या काळात दुकानात वडिलांचे पोलादी ठसे पडून होते. ठसा झिजत नाही तोवर चालतो आणि वारसाकडे जातो, म्हणून १७५० च्या दशकातल्या एखाद्या पेल्यावर नाव वाचून तो बापाचा की लेकाचा हे सांगताना फार जपावे लागते. या वाडग्याच्या बाबतीत मात्र कोरीव मजकुराने वाद मिटतो. १७६८ मध्ये वडिलांना जाऊन चौदा वर्षे झाली होती आणि नातू आठ वर्षांचा होता. उरतो तो एकच. इथेही छापेने नाव दिले, पण व्यक्ती ठरवली ती तारखेने.

व्यक्ती ठरली तरी हात ठरत नाही. छाप दुकानाची असते. उमेदवार, रोजंदारीवरचे कारागीर आणि दुसऱ्या दुकानातून करवून घेतलेले काम, हे सगळे मालकाच्या ठशाखाली बाहेर पडत असे. रिव्हिअर स्वतः तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापणारे खोदकामगार होते. हुकुमापुढे नमलेल्या सतरा सभासदांना नरकाच्या जबड्यात ढकलणारे व्यंगचित्र त्यांनीच कोरले होते. म्हणून वाडग्यावरचे अक्षरकाम त्यांच्या हातचे असावे असे मानण्यास मजबूत आधार आहे. हातोडीचे काम मात्र त्यांनी एकट्याने केले असे मी म्हणणार नाही. बत्तीस दिवसांचा हिशेब दुकानातल्या अनेक हातांकडे बोट दाखवतो.

त्याच वर्षी जॉन सिंगलटन कॉप्ली यांनी रिव्हिअरचे चित्र रंगवले, आणि तेही आज त्याच संग्रहालयात आहे. अंगात कोट नाही, सदऱ्याच्या बाह्या सैल, डाव्या हातात उजळलेली पण अजून न कोरलेली चहादाणी, आणि समोर मेजावर कोरणीची हत्यारे. श्रीमंत गिऱ्हाइकांची चित्रे काढणाऱ्या चित्रकाराने कारागिराला कामाच्या वेशात बसवावे, हे त्या काळात विरळाच. याच सुमारास रिव्हिअर खोटे दात बसवून देण्याच्या जाहिराती देत होते, कारण १७६० च्या दशकातल्या मंदीत चांदीकामावर भागत नव्हते. स्वातंत्र्यवाद्यांच्या संघटनेत ते स्वतः होते, परंतु कडेवरच्या पंधरा नावांत त्यांचे नाव नाही. वाडगा करवून घेणाऱ्यांची नावे वर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत, आणि घडवणाऱ्याचे नाव तळाशी आहे.

त्यांच्या दुकानाच्या १७६१ ते १७९७ या काळातल्या हिशेबवह्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे जपलेल्या आहेत. कोणासाठी काय केले, वजन किती, कोरणावळ किती, हे त्यांत आहे. एखाद्या चहादाणीवरची आद्याक्षरे आणि वजन वहीतल्या नोंदीशी जुळते तेव्हा छाप दुय्यम ठरते.

खोटी नावे

छापेवर एवढे थोडे उभे असताना तिच्यावर इतका पैसा का लावला जातो, याचे कारण एकोणिसाव्या शतकात आहे. १८६० नंतर एका लोकप्रिय कवितेने रिव्हिअरची घोडदौड घराघरांत नेली. बोस्टनच्याच संग्रहालयाने १९०६ मध्ये जुन्या अमेरिकन चांदीचे मोठे प्रदर्शन भरवले आणि संग्राहकांचे लक्ष कारागिरांच्या नावांकडे वळले. नाव महाग झाल्यावर ते बनवणारेही आले.

खोटेपणाचे प्रकार ठरलेले आहेत. कधी नवा ठसा कापून तो जुन्या पण बिनछापेच्या चमच्यावर मारला जातो. कधी अस्सल पण साध्या वस्तूवरचा छापेचा तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या तळात बसवला जातो. कधी अस्सल चमच्यावरून साचा घेऊन ओतीव नकला केल्या जातात. पहिल्या प्रकाराला भिंग लागते: खऱ्या ठशाच्या कडेला पडलेली बारीक खोट, अक्षरांमधले अंतर आणि चौकटीचा कोपरा सर्वमान्य वस्तूंवरील छापांशी ताडून पाहतात. दुसऱ्या प्रकारात तळावर तोंडाने वाफ सोडली तर झाळकामाची रेघ क्षणभर उमटते, आणि ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि दोन चमच्यांवर एकच ओरखडा सापडतो. क्ष-किरणांनी धातूची तपासणी केली तर जुन्या चांदीत सोन्याचे आणि शिशाचे अंश दिसतात. विजेने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळजवळ नसतात. माझ्या मते यांतली कोणतीही एक कसोटी पुरेशी नाही, आणि छापेचे नाव मोठे असेल तितकी कसोटी कडक हवी.

पंधरा जणांचा वाडगा या सगळ्या कसोट्यांच्या वर आहे, कारण त्याचा साक्षीदार त्याच्या जन्माच्या वेळी खोलीत हजर होता. १९४९ मध्ये संग्रहालयाने तो विकत घेतला तेव्हा लोकवर्गणी काढली गेली, आणि तीत बोस्टनच्या शाळकरी मुलांनी दिलेले पैसेही होते.

याच आकाराचे वाडगे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक कारखान्यांनी चांदीत, मुलामा दिलेल्या धातूत आणि कथिलाच्या मिश्रधातूत काढले, आणि आजही स्पर्धांच्या बक्षिसासाठी किंवा निवृत्तीच्या भेटीसाठी ते दिले जातात. त्यांना सरसकट रिव्हिअर वाडगा म्हणतात आणि कित्येकांच्या तळाशी कारखान्याच्या खुणेबरोबर रिव्हिअरचे नाव असते. त्यांचे अंग मात्र गुळगुळीत असते: ब्याण्णव सभासद नाहीत, फाटलेले वॉरंट नाही, कडेवर पंधरा नावे नाहीत.